आधी बॅटरी ओळखा, मग टक्के ठरवा: इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगची पद्धत

इलेक्ट्रिक गाडी दारात आली की पहिल्या आठवड्यातच तीन माणसं तीन सल्ले देऊन जातात. शेजारी म्हणतो, ऐंशीच्या वर अजिबात नेऊ नका. शोरूममधला मुलगा म्हणतो, रोज फुल करा, काही होत नाही. आणि चुलतभाऊ म्हणतो, वीस टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय प्लग लावू नकोस, उगाच चार्जिंगची एक सायकल वाया जाते. पहिल्या दोघांचं अर्धं-अर्धं बरोबर आहे, तिसऱ्याचं पूर्ण चूक. तरीही बहुतेक घरांत चालतं ते तिसऱ्याचंच.

मी नागपूरला राहतो. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या आसपास असतो, आणि बॅटरीला सगळ्यात जास्त म्हातारं करते ती उष्णता. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी घरचाच आहे. खाली दिलेला क्रम तसाच पाळा. टक्के तिसऱ्या टप्प्यावर येतात. ते आधी ठरवले की पुढचं सगळं चुकतं.

## टप्पा १: आपली बॅटरी कोणती ते शोधा

भारतात रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांत मुख्यतः दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. एक एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. दुसरी एनएमसी, म्हणजे निकेल, मँगनीज आणि कोबाल्टची. टाटाच्या नेक्सॉन, टियागो आणि पंच, एमजीची विंडसर, महिंद्राची बीई ६ आणि बीवायडीची ॲटो ३ या एलएफपीवाल्या. महिंद्राची एक्सयूव्ही ४००, ह्युंदाईची कोना आणि आयोनिक ५ या एनएमसीवाल्या. ही यादी अंदाज येण्यापुरती धरा. त्याच नावाच्या गाडीत पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रकारचे सेल आलेले असू शकतात. म्हणून मॅन्युअल उघडा, नाहीतर चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा.

फरक का पडतो ते थोडक्यात सांगतो. एनएमसीचा सेल पूर्ण भरला की त्याचा दाब सुमारे ४.२ व्होल्टपर्यंत जातो. त्या दाबाखाली सेलच्या आतलं रसायन हळूहळू बिघडत राहतं, गाडी नुसती उभी असली तरी. एलएफपीचा सेल ३.२ व्होल्टच्या आसपासच काम करतो, त्यामुळे भरलेल्या अवस्थेचा ताण त्याला कमी जाणवतो. पण त्याची अडचण वेगळी आहे. तीस टक्के असो की सत्तर, त्याचा व्होल्टेज जवळजवळ सारखाच राहतो. मग आत नेमकं किती उरलंय, हे गाडीच्या संगणकाला व्होल्टेज बघून कळत नाही.

गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. आत डोकावता येत नाही, म्हणून किती बादल्या ओतल्या आणि किती काढल्या याचा तुम्ही हिशेब ठेवता. रोज अर्धा तांब्या इकडे-तिकडे होतो. महिन्याभराने हिशेब बराच चुकलेला असतो. टाकी एकदा काठोकाठ भरून वाहिली की मगच खात्रीने म्हणता येतं, आता पूर्ण भरली. एलएफपी बॅटरीला अधूनमधून १०० टक्के का न्यायची, त्याचं मुख्य कारण हे.

तपासा: बॅटरीचा प्रकार आणि तिची क्षमता किती युनिट (किलोवॅट-अवर), या दोन गोष्टी कागदावर लिहून गाडीच्या खणात ठेवा. पुढचे सगळे हिशेब यावरच आहेत.

## टप्पा २: सॉकेट, वायर आणि अर्थिंग

हा टप्पा बॅटरीशी संबंधित नाही असं वाटून लोक गाळतात. पण सॉकेट धड नसेल तर चार्जिंग रात्री मध्येच तुटतं, महिनोन् महिने फुल चार्ज पूर्ण होत नाही, आणि माणूस वैतागून रोज फास्ट चार्जरच्या रांगेत जाऊन उभा राहतो. बॅटरीचे हाल तिथून सुरू होतात.

गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर ३.३ किलोवॅटचा असतो. तो १४-१५ अँपियर ओढतो, आणि तेही सलग सात-आठ तास. गिझरचं सॉकेटही १५ अँपियरचंच असतं, पण गिझर पंधरा मिनिटांत बंद होतो. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे एका मित्राच्या पार्किंगमध्ये काय झालं ते मी पाहिलंय. प्लग ओढला तर निघेना. हलवून हलवून बाहेर काढला, तेव्हा फेजच्या पिनेभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक भाजलेल्या बिस्किटासारखं तपकिरी झालं होतं आणि जळका वास बोटांना लागला होता. सॉकेट उघडून पाहिलं, तर मागचा स्क्रू अर्धा सैल आणि वायर जेमतेम दीड एमएमची.

वायरमनला बोलावून ही कामं याच क्रमाने करून घ्या:

१. आधी वीजबिल काढा. त्यावर मंजूर भार छापलेला असतो. घरातला एसी, गिझर आणि गाडी मिळून त्यापलीकडे जात असेल तर महावितरणकडे, किंवा तुमची जी वीज कंपनी असेल तिच्याकडे, भार वाढवण्याचा अर्ज करा.

२. मीटर बोर्डापासून गाडीसाठी स्वतंत्र लाइन ओढा. ३.३ किलोवॅटला ४ एमएमची तांब्याची वायर आणि ७.२ किलोवॅटच्या वॉलबॉक्सला (भिंतीवर बसवायच्या मोठ्या चार्जरला) ६ एमएमची. पार्किंग लांब असेल तर त्याहून एक आकार जाड. मध्ये जोड नको.

३. या लाइनवर स्वतःचा एमसीबी आणि ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी (वीज कुठे गळाली की लाइन तोडणारा स्विच) बसवा.

४. अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज एक-दोन व्होल्टच्या आत असला तर छान. तो बराच जास्त दिसला तर अनेक चार्जर लाल दिवा दाखवून बसून राहतात, आणि दोष गाडीच्या माथी येतो. आमच्याकडे उन्हाळ्यात हे हमखास होतं, कारण मीठ-कोळशाचा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. एप्रिलपासून त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतलं की चार्जर मुकाट्याने चालू राहतो.

सावध: एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही. 'आजच्यापुरतं' म्हणूनसुद्धा नाही.

तपासा: नवीन जोडणीवर अर्धा तास चार्जिंग झालं की प्लगवर हाताची मागची बाजू टेकवा. कोमट चालेल. चटका बसला तर तिथेच थांबा आणि सॉकेट उघडून बघा. ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण तापून-निवून स्क्रू पुन्हा सैल होतात.

## टप्पा ३: रोजचे टक्के

आता चुलतभावाच्या सायकलबद्दल. एक चार्ज-सायकल म्हणजे बॅटरीच्या पूर्ण क्षमतेइतकी वीज आत जाणं. प्लग किती वेळा लावला याची मोजणी कुठेच होत नाही. दहा टक्के दहा वेळा भरले तरी ती एकच सायकल. उलट लिथियम बॅटरीला छोटे-छोटे घोट मानवतात. शंभरवरून शून्यापर्यंत पिळून काढणं तिला जास्त जड जातं. 'पूर्ण उतरवून मगच भरायची' ही सवय जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातली आहे. ती तिथेच सोडा.

एनएमसी असेल तर: रोजची वरची मर्यादा ८०. २०-३० च्या खाली शक्यतो जाऊ देऊ नका. १०० फक्त लांबच्या प्रवासाच्या सकाळी.

एलएफपी असेल तर: रोज ८०-९० पर्यंत भरा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतराने एकदा १०० करा. मॅन्युअल काहीच सांगत नसेल तर आठवड्यातून एकदा, आणि गाडी कमी चालत असेल तर पंधरवड्यातून एकदा पुरतं.

एलएफपीवाल्यांची चूक दोन्ही टोकांना होते. काही जण '१०० चालतं' याचा अर्थ 'गाडी कायम १०० वर उभी राहिलेली चालते' असा घेतात. तसं नाही. एलएफपी जास्त सोसते हे खरं, पण भर उन्हात दिवसच्या दिवस पूर्ण भरून उभी ठेवली तर तीही झिजते. दुसऱ्या टोकाला माझ्यासारखे अतिकाळजीवाले. गाडी नवीन असताना मी सलग तीन महिने ८० च्या वर गेलोच नाही. एका संध्याकाळी वर्ध्याहून परतताना बुटीबोरीच्या अलीकडे स्क्रीनवर १८ टक्के होते. चार-पाच किलोमीटरमध्ये आकडा १५, १२ करत ९ वर आला. एसी बंद केला, वेग चाळीसवर आणला, बायको मोबाइलवर जवळचा चार्जर शोधत होती. घर गाठलं, पण शेवटचे काही किलोमीटर मी स्क्रीनवरून नजर काढली नव्हती. बॅटरी बिघडली नव्हती. बादल्यांचा हिशेब चुकला होता, इतकंच. त्यानंतर दोनदा नीट फुल चार्ज केल्यावर आकडा पुन्हा शहाण्यासारखा वागू लागला.

फुल चार्ज नीट करायचा म्हणजे असा:

१. घरच्या साध्या, हळू चार्जरवरच करा. फास्ट चार्जरवरचे १०० इथे उपयोगाचे नाहीत.

२. शक्यतो २०-३० पासून सुरुवात करा. म्हणजे हिशेबाची दोन्ही टोकं गाडीला दिसतात.

३. स्क्रीनवर १०० दिसले की लगेच गन (चार्जरच्या वायरचं गाडीत लावायचं टोक) काढू नका. बॅटरीत शंभरच्या आसपास किंवा त्याहून जास्त सेल असतात. काही थोडे आधी भरतात, काही मागे राहतात, आणि त्यांना एका पातळीवर आणायचं काम अगदी शेवटी होतं. कधी ९९ किंवा १०० वर गाडी अर्धा-पाऊण तास रेंगाळते. तिला रेंगाळू द्या. चार्जिंग तिने स्वतःहून थांबवलं की काम झालं.

४. त्याच दिवशी गाडी चालवा. म्हणून हा चार्ज रविवारी रात्री लावणं उत्तम. सोमवारी सकाळी ऑफिसला जाताना बॅटरी आपोआप खाली येते.

सावध: खालच्या टोकाला दोन्ही प्रकारांना नियम एकच. दहाच्या खाली आलेली गाडी त्याच दिवशी चार्जिंगला लावा. आठ टक्क्यांवर गाडी उभी करून लग्नाला चार दिवस निघून जाणं हे रोज ९० पर्यंत भरण्यापेक्षा कितीतरी वाईट.

## टप्पा ४: वेळ आणि ऊन

कोणत्याही बॅटरीचं वय वाढवणारी रासायनिक क्रिया तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की दुप्पट वेगाने होते, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे विदर्भात, मराठवाड्यात किंवा खानदेशात 'किती टक्के' इतकाच 'कधी' हा प्रश्न मोठा आहे.

दुपारी तीनला गाडी बाहेरून येते. बॅटरी जमिनीलगत असते, खालून तापलेला डांबरी रस्ता, वरून ऊन. त्याच मिनिटाला तिला पत्र्याच्या शेडमध्ये चार्जिंगला लावणं ही उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी चूक. गाडी सावलीत उभी करा, निवू द्या, आणि चार्जिंग रात्री उशिरा सुरू होऊन निघण्याच्या थोडं आधी संपेल असं लावा. त्याचा दुहेरी फायदा होतो: चार्जिंग थंड वेळी होतं, आणि भरलेल्या अवस्थेत गाडी फार वेळ उभी राहत नाही.

वेळेचं गणित सोपं आहे. ३.३ किलोवॅटच्या चार्जरमधून बॅटरीत प्रत्यक्ष तीनेक युनिट ताशी जातात, बाकीची उष्णतेत जातात. बॅटरी ४० युनिटची असेल तर तासाला सुमारे साडेसात टक्के. ३० वरून ८० वर जायचं म्हणजे ५० टक्के, म्हणजे पावणेसात तास. सकाळी साडेसहाला हवी असेल तर रात्री पावणेबाराला सुरू. ७.२ च्या वॉलबॉक्सवर हेच काम तीन-साडेतीन तासांत होतं, तेव्हा पहाटे तीनला सुरू केलं तरी चालतं.

गाडीच्या स्क्रीनवर किंवा ॲपमध्ये वेळ आणि मर्यादा लावायची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर वरचं गणित करून मोबाइलला गजर लावा. बाजारातला स्वस्त टायमर प्लग मध्ये घालू नका. सात तास पंधरा अँपियर सोसायची त्याची ताकद नसते.

तपासा: उन्हाळ्यात सकाळी निघण्याआधी दहा मिनिटं, गन लावलेली असतानाच गाडीचा एसी सुरू करा. केबिन थंड होते ती घरच्या विजेवर.

परदेशात कडाक्याच्या थंडीत गाडी चालवणाऱ्यांनी मात्र हा नियम उलटा वाचावा. टोरांटोत किंवा म्युनिकमध्ये जानेवारीत गोठलेल्या बॅटरीत जोराने वीज ढकलली तर लिथियम आत मुरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या थराच्या रूपात साचतं, आणि ते नुकसान कायमचं असतं. गाडी स्वतः वेग कमी करून हे टाळायचा प्रयत्न करते. तिथे घरी पोहोचल्यावर बॅटरी उबदार असतानाच प्लग लावा. फास्ट चार्जरला जाताना तो गाडीच्याच नकाशावर निवडा, म्हणजे सोय असलेल्या गाड्या वाटेतच बॅटरी गरम करून घेतात.

## टप्पा ५: लांबचा प्रवास आणि फास्ट चार्जर

प्रवासाच्या सकाळी १०० करा आणि लगेच निघा. आदल्या दुपारीच फुल करून ठेवू नका.

याला एक अपवाद डोंगरावर राहणाऱ्यांचा. पाचगणीहून पसरणी घाट उतरून वाईला यायचं असेल तर वरून १०० टक्क्यांवर निघू नका. उतारावर गाडी ब्रेक लावताना वीज परत बनवते, पण बॅटरीत जागाच नसेल तर ती वीज घ्यायची कुठे? मग गाडी ती सोय कमी करते किंवा बंद ठेवते, आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो. रोज एक पेडल सोडून गाडी हळू करायची सवय लागलेल्या माणसाला पहिल्या वळणावरच हे धोक्याचं ठरतं. ९० वर निघा. त्या उतारावर माणसांसह भरलेली गाडी दीडेक युनिट सहज परत मिळवते.

फास्ट चार्जरवरचा क्रम:

१. १५-२० टक्क्यांवर पोहोचाल असा थांबा निवडा. पाचवर पोहोचायचं नियोजन करू नका. चार्जर बंद निघाला तर पुढच्या ठिकाणापर्यंत जाण्याची शिल्लक हवी.

२. ८० झाले की निघा. त्यानंतर वेग इतका पडतो की शेवटच्या वीस टक्क्यांना आधीच्या साठ टक्क्यांइतका वेळ लागू शकतो. शिवाय मागे रांग असते.

३. गन काढल्यावर गाडीच्या पुढून पंख्याचा मोठा आवाज येत राहतो. तो बॅटरी थंड करण्याचा आहे. घाबरू नका.

४. मुक्कामी पोहोचल्यावर तिथे १५ अँपियरचं धड सॉकेट असेल तर रात्री हळू चार्ज करा. सकाळी पुन्हा फास्ट चार्जर गाठावा लागत नाही.

महिन्यातून दोन-चार वेळा फास्ट चार्जिंग केल्याने काही बिघडत नाही, त्याची धास्ती घेऊ नका. जपायचं ते भर दुपारच्या उन्हात एकाच दिवशी तीन-तीन वेळा करण्याला, आणि घरी सॉकेट असूनही केवळ सवयीने रोज करण्याला.

सावध: पावसात चार्जिंग चालतं, गाडी आणि गन त्यासाठीच बनवलेल्या असतात. पण गन जमिनीवर पाण्यात पडलेली असेल किंवा तिच्या छिद्रांत पाणी दिसत असेल तर ती लावू नका. पार्किंगमध्ये पाणी साचायला लागलं तर आधी बोर्डावरून एमसीबी पाडा, मग गनला हात लावा.

## टप्पा ६: गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर

गणपतीला कोकणात पंधरा दिवस, किंवा मुलांकडे परदेशात तीन महिने. जाण्याआधी बॅटरी ५० च्या आसपास आणा आणि गन काढून ठेवा. 'लावूनच ठेवतो, म्हणजे उतरणार नाही' असं म्हणत १०० वर जोडून ठेवलेल्या गाड्या दर सोसायटीत दिसतात. उभी गाडी महिन्याला फार थोडी उतरते, त्यासाठी पन्नास भरपूर आहेत. सोसायटीत बेसमेंट असेल तर गाडी खाली लावा. खुल्या जागेतल्या उन्हापेक्षा तिथे बॅटरी बरीच थंड राहते.

यात खरा दगा देते ती १२ व्होल्टची छोटी बॅटरी. दरवाजे, स्क्रीन, मोठ्या बॅटरीचा स्विच, सगळं तिच्यावर चालतं. ती बसली तर मोठ्या बॅटरीत ५० टक्के असूनही गाडी सुरू होत नाही. जाताना गाडीत लावलेला डॅशकॅम आणि यूएसबीवरची उपकरणं काढा. किल्ली गाडीपासून लांब ठेवा. कुणी विश्वासू माणूस असेल तर त्याला दोन आठवड्यांतून एकदा गाडी अर्धा तास सुरू ठेवायला सांगा. तीन महिन्यांसाठी जाणार असाल तर १२ व्होल्टची जोडणी काढायची का, हे मॅन्युअलमध्ये पाहा, गाडीगणिक उत्तर वेगळं असतं.

तपासा: परत आल्यावर पहिलं चार्जिंग घरीच, हळू, आणि एलएफपी असेल तर थेट १०० पर्यंत.

## टप्पा ७: तब्येत मोजा, आकड्याने घाबरू नका

स्क्रीनवरचे 'उरलेले किलोमीटर' म्हणजे बॅटरीची तब्येत नव्हे. तो आकडा तुम्ही गेले काही दिवस गाडी कशी हाकली यावर निघतो. घाटातून आलात तर कमी दिसेल, शहरात हळू चालवलीत तर जास्त. याच आकड्यावरून 'बॅटरी बसली' म्हणत सर्व्हिस सेंटरला भांडायला जाणारे मी पाहिले आहेत.

मोजायचं असेल तर वर्षातून एकदा, शक्यतो त्याच महिन्यात, असं करा. नीट फुल चार्ज करा. ट्रिप मीटर शून्य करा. नेहमीच्या वापरात २० टक्क्यांपर्यंत या, मध्ये चार्ज करू नका. या काळात किती युनिट खर्च झाले हे बहुतेक गाड्या दाखवतात. तो आकडा ०.८ ने भागा, बॅटरीची आजची क्षमता साधारण मिळते. उदाहरणार्थ ३०.४ युनिट खर्च झाले तर क्षमता ३८. गाडीच्या खणातल्या त्याच कागदावर तारीख, किलोमीटर आणि हा आकडा लिहा.

पहिल्या वर्षी घट थोडी जास्त दिसते, नंतर वेग मंदावतो. पहिल्या वर्षाच्या घटीला आठने गुणून आठव्या वर्षाचं भविष्य काढू नका. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आकडा एकदम घसरलेला दिसला, किंवा नीट फुल चार्ज करूनही टक्के उड्या मारत खाली येत असतील, तर एखादा सेल मागे पडत असण्याची शक्यता असते. तेव्हा सर्व्हिस सेंटरकडे बॅटरीचा एसओएच (स्टेट ऑफ हेल्थ, म्हणजे तब्येतीचा) रिपोर्ट मागा, तोंडी उत्तर घेऊ नका. छापील किंवा मेलवर घ्या. बऱ्याच कंपन्यांची बॅटरी वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर अशी असते आणि दाव्याच्या वेळी हाच कागद उपयोगी पडतो. वॉरंटी संपायच्या सहा महिने आधी असा एक रिपोर्ट, तक्रार असो वा नसो, काढून ठेवाच.